तळ्यातली शिडं : इनलँड सेलिंग क्लब, शिकणं आणि सभासदत्व

अनुवात (धागाकर्ती)

हीथ्रोला विमान उतरायला लागलं की खिडकीतून मोठमोठी तळी दिसतात. काठ आखीव, आणि शनिवार-रविवार असेल तर मधोमध पांढरे त्रिकोण विखुरलेले. ही लंडनला पाणी पुरवणारी साठवण तळी. क्वीन मेरी १९२५ चं, क्वीन मदर १९७६ चं. पांढरे त्रिकोण म्हणजे तिथल्या सेलिंग क्लबांची शिडं. 'परदेशात रविवार कसा घालवता' या धाग्यावर मी मागे 'सेलिंग करते' एवढंच लिहून मोकळी झाले, तर व्यनिंची (खासगी निरोपांची) रांग लागली. यॉट आहे का, पोहता येतं का, खर्च किती, आणि एका काकूंचा काळजीचा सूर, 'पोरीलाही नेतेस?' म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

यॉट नाही. माझ्याकडे आहे ती लेझर. लांबी ४.२३ मीटर, एक शीड, एक माणूस. केबिन-बिबिन काही नाही, बसायला बाकसुद्धा नाही. होडीच्या काठावर बुड टेकवायचं, मधल्या पट्ट्यात पाय अडकवायचे आणि वारा वाढला की पाठ पाण्यावर झोकून द्यायची. २०१९ पासून हिचं अधिकृत नाव आयएलसीए झालंय, पण आमच्या क्लबात सगळे लेझरच म्हणतात. ७ चौरस मीटरचं मोठं शीड माझ्या वजनाला झेपत नाही, मी ५.७६ चं लावते. होडी तीच, फक्त शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा बदलायचा. उद्या लेक मोठी झाली की तिच्यासाठी त्याहून लहान शीड लागेल, तेव्हाही होडी हीच. तिसऱ्या-चौथ्या हातची जुनी लेझर हजार पौंडांच्या आत मिळते. क्लबची वर्गणी आणि होडी ठेवायच्या जागेचं भाडं धरून वर्षाला काही शे पौंड जातात. शिवाय थर्ड पार्टी विमा सक्तीचा. फुकट नाही, पण आमच्या गावातल्या बऱ्या जिमपेक्षा फार जास्तही नाही.

आमचं तळं त्या राण्यांच्या तळ्यांएवढं नाही. जुन्या खडीच्या खाणीत पाणी साठून झालेलं आहे. टेम्सच्या खोऱ्यात अशी पुष्कळ तळी आहेत आणि बऱ्याच तळ्यांवर एखादा लहानसा क्लब असतो. आमच्याकडे पत्र्याची एक लांबट शेड, कपडे बदलायच्या दोन खोल्या, चहाचं स्वयंपाकघर आणि गवतावर ट्रॉल्यांवर ठेवलेल्या होड्या. नावात यॉट क्लब असलेले काही क्लब याहूनही साधे आहेत.

शिकायचं तर इथे रॉयल यॉटिंग असोसिएशनचे, म्हणजे आरवायएचे, ठरलेले कोर्स असतात. लेव्हल १ बहुधा दोन दिवसांचा, लेव्हल २ तेवढाच. पहिल्या दिवशी दुपारी तुम्ही स्वतः सुकाणू धरलेलं असतं. पाच गोष्टी डोक्यात भरवतात : शीड किती ओढलंय, होडी आडवी कललीय का, वजन पुढे-मागे नीट आहे का, सेंटरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात उतरवलेली उभी फळी) किती खाली आहे आणि आपण जातोय ती वाट बरोबर आहे का. काहीही बदललं की पाचही पुन्हा तपासायच्या. सुरुवातीला तीनच आठवतात, तोवर होडी तोंड फिरवून वाऱ्यात उभी. शीड फडफडतंय आणि आपण ढिम्म. इन्स्ट्रक्टर बाई लांबून ओरडतात, 'टिलर ढकला, शीड सोडा!', आणि आपण नेमकं उलटं करतो, कारण टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे हाताला पटायला वेळ लागतो.

उलटणं अभ्यासक्रमातच आहे. मुद्दाम होडी आडवी पाडायला लावतात. शिडाचा दोर, म्हणजे मेनशीट, मोकळा सोडायचा, पोहत होडीच्या तळाच्या बाजूला यायचं, बाहेर आलेल्या सेंटरबोर्डवर चढून काठ धरून मागे झुकायचं. शीड पाणी सोडतं, मग होडी झपकन उभी राहते आणि आपण काठावरून पोटावर घसपटत आत. होडी सोडून काठाकडे पोहत जायचं नाही, हा एक नियम मात्र कितीही दमलात तरी मोडायचा नाही. पोहणाऱ्याचं डोकं लाटेत दिसत नाही, होडी दिसते. उथळ तळ्यात वेगळीच गंमत असते. होडी पूर्ण पालथी झाली तर डोलकाठीचं टोक गाळात रुततं आणि सेफ्टी बोट येऊन ओढेपर्यंत हलत नाही. म्हणून शिकाऊ होड्यांच्या डोलकाठीच्या टोकाला हवेची फुगीर पिशवी बांधतात. दिसायला विचित्र, पण नवशिक्यांनी लाजू नये.

आता तळ्याबद्दल. समुद्रावर वारा लांबून, मोकळा येतो. आमच्याकडे तळ्याच्या पश्चिमेला पॉप्लर आणि विलोची दाट रांग आहे. वारा त्या झाडांवरून उडी मारून येतो, मध्येच तुटतो, दोन झाडांच्या फटीतून एकदम घुसतो. झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत, कधी त्याहूनही पुढे, वाऱ्याला जोर नसतो. त्यामुळे पाणी वाचावं लागतं. झुळूक येते तिथे पाण्यावर काळपट, बारीक सुरकुती उमटते आणि ती आपल्याकडे सरकत येते. ती पोचायच्या आत काठावर सरकून बसलात तर होडी पुढे झेपावते, नाही बसलात तर कलते. वारा दिशाही बदलतो. कधी वळणाने आपला फायदा होतो, कधी त्याच वळणाने आपण अख्ख्या होडीच्या लांबीने मागे पडतो. आमच्याकडचे एक ऐंशीच्या घरातले आजोबा वाऱ्याचा अंदाज न बघता फक्त पाण्याकडे बघून मला दर शर्यतीत मागे टाकतात. दम माझा जास्त, नजर त्यांची.

आणि सभासदत्व म्हणजे नुसतं कार्ड नव्हे. आमच्यासारख्या छोट्या क्लबात पगारी माणसं जवळजवळ नसतातच. वर्षाच्या सुरुवातीला ड्यूट्यांचा तक्ता लागतो. शर्यत सुरू करणं, वेळ टिपणं, सेफ्टी बोट चालवणं (त्यासाठी पॉवरबोट लेव्हल २ हा कोर्स लागतो), चहा-सँडविच, गवत कापणं, हिवाळ्याआधी बोया (शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) काढणं, संडास धुणं. सगळं सभासदच करतात. शर्यत सुरू करण्याची ड्यूटी मला आवडते. पाच मिनिटं बाकी असताना पहिला भोंगा आणि झेंडा, चार मिनिटांना दुसरा, एक मिनिटाला तिसरा आणि मग सुरुवात. सगळ्यांना रेषेवर नेमक्या क्षणी पोचायचं असतं, म्हणून शेवटच्या मिनिटाला वीस होड्या एकमेकींत घुसत असतात आणि 'स्टारबोर्ड!' अशा आरोळ्या उठतात. उजव्या बाजूने वारा घेणारी होडी सरळ जाणार, डावीकडून घेणारीने बाजू द्यायची. पाऊस असला तर वेळा पेन्सिलीनेच लिहायच्या. पेन ओल्या कागदावर चालत नाही आणि फोनचा स्क्रीन ओल्या बोटांना जुमानत नाही.

प्रश्न विचारा, माहीत आहे ते सांगेन.

---

चहाबाज

मस्त लिहिलंय. एक बाळबोध शंका. वारा समोरून येत असेल तर शिडाची होडी पुढे जाते कशी? शाळेपासून छळतोय हा प्रश्न.

---

शंकासुर

लेख छान. पण ताई, यॉट क्लब म्हटलं की आम्हाला निळे कोट, सोनेरी बटणं आणि हातात ग्लास असलेले गोरे साहेबच दिसतात. संडास वगैरे धुता हे ठीक, पण हा खेळ मुळात पैसेवाल्यांचाच, असं मला वाटतं. मुंबईत तर रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या इमारतीकडे आपण अपोलो बंदरावरून नुसतंच बघायचं.

---

अनुवात

चहाबाज, बाळबोध अजिबात नाही. सरळ वाऱ्यात तोंड घालून कोणतीच शिडाची होडी जात नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडावे लागतात. पण तिरकं जाता येतं. शीड फुगून वाकडं झालेलं असतं, त्यावरून वारा वळतो आणि शिडावर जोर येतो. त्यातला बराचसा होडीला आडवं ढकलणारा असतो, थोडा पुढे नेणारा. आडवं ढकलणं सेंटरबोर्ड रोखतो, कारण ती पाण्यात उभी धरलेली फळी आडवी सरकत नाही. मग उरलेला जोर जाणार कुठे? चिंचोका दोन बोटांत दाबला की पुढे सटकतो ना, तसं. थोडा वेळ एका तिरक्या दिशेने, मग वळून दुसऱ्या, असं नागमोडी जात वारा येतो त्या दिशेला पोचायचं. या वळण्याला टॅक म्हणतात.

शंकासुर, तुमचं चित्र अगदीच खोटं नाही. इथेही काही क्लब तसे आहेत. पण दुसऱ्या महायुद्धानंतर प्लायवुड आणि चांगला गोंद मिळायला लागला तसा इथे हा खेळ पालटला. १९६० च्या दशकात मिरर नावाची होडी आली. डेली मिरर या वृत्तपत्राने पुरस्कृत केलेली, म्हणून तिची शिडं लाल. जॅक होल्ट या होडीरचनाकाराने आणि टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणाऱ्या बॅरी बकनेलने मिळून ती बनवली. प्लायवुडचे कापलेले तुकडे खोक्यात घरी येत, लोक गॅरेजमध्ये तांब्याच्या तारेने ते शिवत आणि फायबरग्लासच्या पट्ट्यांनी सांधे बंद करत. अशा हजारो होड्या झाल्या. आमच्या क्लबातले म्हातारे सभासद निवृत्त वायरमन, शाळामास्तर, बस डेपोतले मेकॅनिक आहेत. त्यातल्या निम्म्यांनी पहिली होडी स्वतःच्या हाताने बांधली. त्यामुळे 'साहेबी खेळ' हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही!

---

फौजीकाका

अनुवात ताई, वाचून जुने दिवस आले डोळ्यांसमोर. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कोअरमध्ये होतो, सिकंदराबादला. हुसेन सागरवर आमच्या कोअरचा सेलिंग क्लब आहे. अख्खं तळं माणसाने बांधलेलं, इब्राहिम कुतुबशाहच्या काळात, १५६२-६३ च्या सुमारास. मधे बुद्धाची उभी मूर्ती आहे ना, ती १९९२ मध्ये बसवली. दिशेची खूण म्हणून फार कामाची.

हैदराबादचा सीझन ऐन पावसाळ्यात असतो. मुंबईत त्या महिन्यांत खवळलेल्या समुद्रामुळे लहान होड्या बंद. इकडे दख्खनच्या पठारावर मान्सूनचा वारा जोरदार, पण लाट अगदी किरकोळ. म्हणून हैदराबाद सेलिंग वीक जुलैच्या आसपास भरते आणि देशभरातली लेझरवाली पोरं येतात. सकाळी वारा पडलेला, अकरानंतर चढायला लागतो, दुपारी दोनला शिट्ट्या घालतो. पाण्याचा वास मात्र विचारू नका. पडलात तर तोंड मिटून पडा, हा आमचा पहिला धडा.

आणि शंकासुर साहेब, फौजेत सेलिंग शिकणारे बहुतेक जवान शेतकऱ्यांची पोरं. लेझरवर पहिल्यांदा बसेपर्यंत त्यातल्या कित्येकांनी होडी फक्त नदीपार जायला वापरलेली.

---

मुळामुठा

पुण्यात हे कुठे? लहानपणापासून खडकवासल्याच्या भिंतीवर कणसं खातोय, पण शीड कधी दिसलं नाही. रॉयल कॅनॉट बोट क्लब बंडगार्डनपाशी आहे, १८६८ चा. तिथे जाऊन चौकशी करावी का? शिवाय आपला दत्तू भोकनळ पुण्याच्या सीएमईतच (लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) तयार झाला ना, रिओ ऑलिंपिकला गेलेला?

---

फौजीकाका

मुळामुठा, दत्तू वल्हवणारा. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा पोरगा, विहिरी खोदणारा, फौजेत येऊन रोअर झाला. रोइंग आणि सेलिंग यांच्यात पाणी सोडून काही सारखं नाही. रोइंगला वारा पडलेला हवा, सेलिंगला सुटलेला. पुण्यातला जुना क्लब मुख्यतः वल्हवणाऱ्यांचाच. खडकवासल्याला एनडीएचा पीकॉक बे आहे, तिथे कॅडेट्सना शिडाची होडी शिकवतात, पण तो नागरिकांसाठी नाही. तुम्ही भिंतीवर, ते पलीकडच्या अंगाला, म्हणून दिसत नाहीत.

शिकायचंच असेल तर पुण्याहून मुंबई जवळ. बंदरात शिकवणारे क्लब आणि शाळा आहेत, ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात हैदराबाद गाठा.

---

रेवदंडेकर

सगळं खरं, पण तळ्यात सेलिंग म्हणजे अंगणात गाडी शिकणं, असं आम्हा किनाऱ्यावरच्यांना वाटणारच. भरती-ओहोटी नाही, खडक नाही, धुकं नाही, परत कसं यायचं ही चिंता नाही. माझा आजा शिडाच्या होडीने मासे मारायचा. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत. शाळेतल्या भूगोलात दोन मार्कांना यायचं ते आमच्या घरात वेळापत्रक होतं. आता इंजिनं आली, शिडं माळ्यावर गेली. बरं, दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून, समुद्रातून. तळ्यातून नव्हे!

---

अनुवात

रेवदंडेकर, आजोबांपुढे मी काय बोलणार! समुद्राचं जे तुम्ही सांगितलंत ते तळ्यात खरंच शिकायला मिळत नाही, आणि तळ्यावरच्या लेव्हल २ च्या जोरावर कोणी अलिबागला एकट्याने होडी काढू नये.

पण एक सांगते. आमचे दोन सभासद उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्यावर शर्यतींना जातात. तिथले लोक त्यांना विचारतात की तुम्ही वाऱ्याच्या वळणावर इतक्या झटकन टॅक कसं करता. सवय, दुसरं काय. तळ्यावर अर्ध्या तासात वारा इतक्यांदा फिरतो की एकाच दिशेने आळसावून बसायची सोयच नाही. बोया जवळजवळ, म्हणजे वळणं जास्त, म्हणजे चुकाही जास्त आणि सरावही. तुमच्याकडे लांब पल्ल्याचा धीर येतो, आमच्याकडे हात चपळ होतात. दोन्ही हवं, हे खरं.

---

देवासकर

तळ्याच्या बाजूने एक मत माझंही घ्या. आमच्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर. आसपास शंभर-शंभर कोस समुद्र नाही. भोपाळच्या बड्या तलावावर, राजा भोजाच्या नावावर असलेल्या ११ व्या शतकातल्या तळ्यावर, सेलिंग स्कूलमध्ये शिकली आणि हांग्चौच्या एशियाडमध्ये (२०२३) मुलींच्या आयएलसीए ४ (सगळ्यांत लहान शिडाची लेझर) मध्ये रौप्य घेऊन आली. घरची शेती. त्याच एशियाडला फौजेतल्या विष्णू सरवणनला आयएलसीए ७ (मोठ्या शिडाची लेझर) मध्ये कांस्य मिळालं. रेवदंडेकरांना नमस्कार, पण आमचं अंगण पदकं देतं.

---

रेवदंडेकर

देवासकर, घ्या, मान्य. अंगण मोठं आहे तुमचं. :)

---

मॅडिसनवाली

इकडे विस्कॉन्सिनमध्ये लेक मेंडोटावर मी युनिव्हर्सिटीच्या हूफर्स क्लबात शिकले, तेव्हा विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांचा क्लब, म्हणून सगळेच कडकी आणि सगळेच उत्साही. इथली मजा हिवाळ्यात. तळं गोठतं आणि लोक त्याच तळ्यावर बर्फावरच्या शिडाच्या गाड्या काढतात. खाली तीन पोलादी पाती, वर शीड, माणूस आडवा झोपलेला. डीएन नावाचा प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो. डेट्रॉइट न्यूज या वर्तमानपत्राच्या वर्कशॉपात १९३७ मध्ये जन्मला म्हणून डीएन. पाण्याचा विरोध नसल्यामुळे वाऱ्याच्या काही पट वेगाने पळतात. मी एकदाच बसले, चष्म्यावर बर्फ जमला, आणि थांबायचं कसं हे मला आधी सांगितलंच नव्हतं. (वाऱ्यात तोंड फिरवायचं, पाण्यातल्यासारखंच.)

---

पृथा

अनुवात, मी हाउन्स्लोत राहते. लेक नऊ वर्षांची, चष्मा आहे, पोहणं जेमतेम. मला स्वतःला पोहता येत नाही म्हटलं तरी चालेल. तरी यावं का? आणि स्पष्टच विचारते, रागावू नकोस. आपल्यासारखे लोक असतात का तिथे? एकटं पडायला होत नाही? आम्ही शाकाहारी आहोत, तोही एक प्रश्न.

---

अनुवात

पृथा, रागावते कशाला. हे सगळं मीही कुणाला तरी विचारायला हवं होतं, पण ओळखीचं कुणी नव्हतं.

पोहण्याचं आधी. शर्यतीतला पोहणारा असण्याची गरज नसते, पाण्यात घाबरून न जाणं महत्त्वाचं. अंगात बॉयन्सी एड असतोच. त्यात आणि लाइफ जॅकेटमध्ये फरक आहे. बॉयन्सी एड ५० न्यूटनचा, पाण्यात वर ठेवतो आणि हातपाय हलवायला मोकळीक देतो, पण बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. फुगणारी लाइफ जॅकेट साधारण १५० न्यूटनची, ती उताणं करते. तळ्यावर सेफ्टी बोट जवळ असते, म्हणून बॉयन्सी एड चालतो. तरी तू आणि लेक दोघींनी आधी गावातल्या क्रीडा केंद्राच्या पोहण्याच्या तलावात काही महिने पोहून घ्यावं, असं मी सांगेन. खरी भीती बुडण्याची कमी, थंडीची जास्त. एप्रिलमध्ये ऊन छान पडतं आणि पाणी मात्र हिवाळ्यातलंच असतं. अचानक पडल्यावर पहिलं मिनिटभर धाप लागते, श्वास हातात राहत नाही. तेव्हा काहीही करायला न जाता होडी धरून नुसतं तरंगायचं, श्वास ताळ्यावर येतो. वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) घातलाच पाहिजे, क्लबात उसना मिळतो.

नऊ वर्षांच्या मुलांसाठी ऑप्टिमिस्ट असते, जेमतेम २.३ मीटरची डबडी होडी. फ्लोरिडात १९४७ मध्ये मुलांसाठीच बनवली आणि आजही १५ वर्षांपर्यंतची मुलं जगभर हीच चालवतात. माझी लेक आधी तासभर रडली, मग उतरायला तयार नव्हती. त्यांना पहिल्या दिवशी शर्यत-बिर्यत नसते, बदके मोजा, बोयाला टेनिसचा चेंडू मारा असले खेळ असतात. चष्म्याला मागून दोरी बांध.

आता लोकांचं. खरं सांगायचं तर आमच्या क्लबात बहुतेक गोरे आणि बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. सुरुवातीला मी गेले तेव्हा कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी फार बोलायलाही आलं नाही. हा रंगाचा भाग किती आणि इंग्रजी भिडस्तपणाचा किती, ते ठरवत बसायचं मी सोडून दिलं. फरक पडला तो पहिल्या ड्यूटीनंतर. पावसात तीन तास एका बाईंबरोबर पत्र्याखाली उभं राहून वेळा लिहिल्या, त्यानंतर त्या स्वतः येऊन माझं शीड कसं चुकतंय ते सांगायला लागल्या आणि अजून थांबलेल्या नाहीत. नुसते वर्गणी भरून कोर्स करणारे लोक वर्षभरात गळतात. ड्यूटी करणारे टिकतात, हे मी बघितलंय. म्हणून ड्यूटी चुकवू नकोस, उलट लवकर माग. आता एक गुजराती कुटुंब आणि एक तमिळ डॉक्टरही आहेत. शाकाहाराची अडचण नाही, चीज-टोमॅटो टोस्ट असतोच. फक्त चमचा वेगळा ठेवा, असं आधी सांगायचं, कारण बेकनचं तव्यावर राज्य असतं.

माझ्या नवऱ्याला पाणी आवडत नाही. तो येतो, काठावर पुस्तक वाचतो आणि ट्रॉली ओढायला मदत करतो. असेही सभासद लागतात.

---

शंकासुर

मी सुधारलो बरं का. म्हणजे थोडासा. आता खरा प्रश्न. तुम्ही लेझर, आजोबांची वेगळी होडी, पोरांच्या लहान होड्या. एकत्र शर्यत लावली तर जिंकलं कोण, हे ठरवता कसं? मोठी होडी पुढेच जाणार ना?

---

अनुवात

शंकासुर, याला पोर्ट्समथ यार्डस्टिक म्हणतात. प्रत्येक प्रकारच्या होडीला एक आकडा. वेगवान होडीचा लहान, संथ होडीचा मोठा. देशभरातल्या क्लबांच्या शर्यतींचे निकाल पाहून आरवायए तो वेळोवेळी सुधारते. तुमचा लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले तो आकडा. म्हणजे ११०० आकड्याच्या होडीला ५५ मिनिटं लागली तर ती ५० धरायची. १३७० च्या संथ होडीने ६८ मिनिटांत तोच मार्ग संपवला तर तिचे ४९.६ मिनिटं होतात आणि ती पहिली! म्हणून शर्यत संपल्यावर कोणी जिंकलं हे कळायला चहा होईपर्यंत थांबावं लागतं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी उलटा प्रकार करतात. संथ होड्या आधी सोडायच्या, वेगवान मागाहून, आणि ठरल्या वेळेला भोंगा वाजला की जो पुढे तो जिंकला. पोरांना ही शर्यत फार आवडते, कारण मागून सगळे मोठे धापा टाकत येताना दिसतात.

---

चहाबाज

चिंचोक्याने काम केलं. लेकालाही समजावून सांगितलं. एक शेवटचं : उन्हाळ्यात तळी हिरवी पडतात, त्याचं काय?

---

अनुवात

पडतात. निळं-हिरवं शेवाळ आलं की क्लब सेलिंग बंद करतो, कधी आठवडाभर, कधी जास्त. ते विषारी असू शकतं, कुत्र्यांना तर फारच वाईट. दुसरी एक काळजी कमी लोकांना माहीत असते. २०१० मध्ये केंब्रिजशायरमधल्या ग्राफम वॉटर या तळ्यात किलर श्रिंप नावाची परदेशी कोळंबी सापडली. स्थानिक किड्यांचा फडशा पाडते. ती ओल्या वेटसूटला, ट्रॉलीच्या चाकाला चिकटून दुसऱ्या तळ्यात जाऊ शकते. म्हणून एका तळ्यातून दुसरीकडे जाताना सगळं तपासून, धुऊन, वाळवून न्यायचं. पाण्याच्या कंपन्या यावर कडक असतात, आणि असाव्यात.

---

पृथा

बरं, ठरलं. क्लबचा ओपन डे मे महिन्यात आहे ना? दोघी येतो. काय काय आणू?

---

अनुवात

हो, मेच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहाला. दोघींसाठी चिखलात खराब झाले तरी चालतील असे बंद बूट (क्रॉक्स नको, पाण्यात निघून जातात), आतून घालायला पोहण्याचा पोशाख, अंगाबरोबर बसणारा पातळ लोकरी किंवा पॉलिस्टरचा बनियन, टॉवेल आणि आतून-बाहेरून बदलायला पूर्ण कोरडे कपडे. जीन्स अजिबात नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं घरी ठेव, दोरात अडकतात. मोबाइल गाडीत. वेटसूट आणि बॉयन्सी एड मी काढून ठेवते, लेकीची उंची आणि वजन व्यनित कळव. साडेनऊला आलीस तर होडी जुळवताना दाखवते. मागच्या बाजूचं बूच घट्ट लावायचं काम लेकीकडे देऊ. ते ढिलं राहिलं तर होडीत हळूहळू पाणी भरतं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतोच, 'बूच लावलं का?'